बडोद्यात कॉलेजला आलात? क्रेडिट, हजेरी आणि वर्गातले नियम: पहिल्या सेमिस्टरची वाट

बारावीनंतर मी नंदुरबारहून बडोद्याला मामांकडे राहायला आले. दांडिया बाजारात येता-जाता मराठी कानावर पडते, रावपुऱ्यात गणपतीची आरास बघायला मिळते, त्यामुळे शहर परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते कॉलेजचं ऑफिस. खिडकीपाशी उभं राहिलं की 'पीआरएन बोला', 'एबीसी लिंक केलं का?', 'मायनर कोणता घेतला?', 'टर्म ग्रँट नाही झाली' असे शब्द येऊन आदळायचे. मागे रांग असायची, त्यामुळे अर्थ विचारायला तोंडच उघडत नसे.

पहिल्याच सेमिस्टरला मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणात गेले आणि एका दोन क्रेडिटच्या विषयात हजेरी कमी भरली म्हणून मला परीक्षेला बसू दिलं नाही. आजार खरा होता, डॉक्टरांचा कागदही होता. पण तो मी दीड महिन्याने दिला. तोपर्यंत हजेरी कमी असलेल्यांची यादी लागून गेली होती. पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर बसून तो विषय पूर्ण केला.

यंदा माझ्या मामेभावाने प्रवेश घेतला. त्याला समजावताना जे जे सांगितलं, ते खानदेशातून, डांगातून किंवा इथल्याच मराठी घरांतून पहिल्यांदा कॉलेजला जाणाऱ्या सगळ्यांसाठी नीट क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक इशारा. घरातल्या ताई-दादांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण तो तपासून घ्या. गुजरातमध्ये जून २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची पदवीची रचना सुरू झाली. त्याआधी शिकलेल्यांना मेजर-मायनर, क्रेडिट बँक वगैरे भानगड नव्हती. 'हजेरीचं कोण विचारतं, शेवटी पेपर चांगला गेला की झालं' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्याच्यावर विसंबू नका.

१. आधी कागदांची फाइल

गुजरातच्या सरकारी विद्यापीठांतले प्रवेश आता जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात. तिथे नाव लागलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. जागा ऑनलाइन स्वीकारायची, फी भरायची आणि मूळ कागद तपासून घ्यायचे, एवढं झालं की प्रवेश पक्का. त्यासाठी ही फाइल तयार ठेवा:

– दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका, प्रत्येकी पाच झेरॉक्स
– शाळा सोडल्याचा दाखला. इथे सगळे त्याला 'एलसी' म्हणतात. मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून देण्याआधी रंगीत स्कॅन करून घ्या
– महाराष्ट्र बोर्डाचे किंवा दुसऱ्या राज्यातले असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. त्याशिवाय पात्रता प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज भरून घेतात
– आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर
– पासपोर्ट आकाराचे दहा फोटो
– रॅगिंगविरोधी शपथपत्र, विद्यार्थ्याचं एक आणि पालकांचं एक
– फीची पावती. ही पदवी हातात येईपर्यंत जपायची

जातीच्या दाखल्याबद्दल घरी गैरसमज असतो. महाराष्ट्रात काढलेल्या दाखल्यावर गुजरात राज्याचं आरक्षण मिळत नाही. आईवडील नंदुरबारचे, मुलगा बडोद्यात, अशा घरांनी हे अर्ज भरण्याआधीच लक्षात घ्यावं, नाहीतर चुकीच्या रकान्यात खूण होते आणि कागद तपासणीच्या दिवशी प्रवेश अडतो.

आता नावाकडे या. मला सगळ्यात जास्त हेलपाटे यामुळेच पडले. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा आपलं नाव आधी आणि आडनाव शेवटी. त्यात इथे फॉर्म भरताना वडिलांच्या नावापुढे सवयीने 'भाई' लागतं. सुरेशचं सुरेशभाई होतं. जुन्या बडोदेकर मराठी घरांत हाच घोळ 'राव'मुळे होतो, एका कागदावर कृष्णराव आणि दुसऱ्यावर नुसतं कृष्णा. खिडकीतली बेन हे मुद्दाम करत नाही, पण दुरुस्तीचे खेटे तुम्हालाच घालावे लागतात. फॉर्मची प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून बारावीच्या गुणपत्रिकेशी एकेक अक्षर ताडून बघा.

प्रवेशानंतर पीआरएन, म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक मिळतो. तो पाठ करा. रोल नंबर दरवर्षी बदलतो, पीआरएन बदलत नाही.

२. क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब

क्रेडिट हा शब्द मला सुरुवातीला गुणांसारखा वाटला होता. तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात साधारण १५ तास व्याख्यान, किंवा ३० तास प्रॅक्टिकल. म्हणजे चार क्रेडिटचा थिअरीचा विषय ६० तासांचा, दोन क्रेडिटचा ३० तासांचा. ते तास भरले आणि विषय पास झालात, की ते क्रेडिट तुमच्या खात्यात जमा. नापास झालात तर अर्धे मिळत नाहीत, शून्य मिळतात.

गुजरातच्या रचनेत एका सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात. पहिल्या सेमिस्टरची वाटणी साधारण अशी: मुख्य विषय, म्हणजे मेजर, चार-चार क्रेडिटचे दोन, मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, चार, वेगळ्या विद्याशाखेतला बहुविद्याशाखीय विषय चार, भाषेचा विषय दोन, कौशल्याचा दोन, आणि मूल्यशिक्षण किंवा भारतीय ज्ञान परंपरेचा दोन. बेरीज २२. तीन वर्षांत १३२ झाले की पदवी, चौथं वर्ष केलं तर १७६ आणि ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. मनात तसा विचार असेल तर पहिल्या सेमिस्टरपासूनच गुणांकडे लक्ष ठेवावं लागतं, तिसऱ्या वर्षी जागं होऊन ते भरून निघत नाही.

मध्येच शिक्षण थांबवावं लागलं तरी केलेलं वाया जात नाही. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा मिळतो. त्यासाठी वर चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. पुन्हा परत यायचं तर तीन वर्षांच्या आत. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना ही सोय कुणी सांगितलेलीच नसते. कॉलेज नुसतं येणं बंद करू नका, अर्ज देऊन रीतसर बाहेर पडा.

३. विषय निवडताना घाई नको, उशीरही नको

मेजर आपण प्रवेशाच्या वेळीच ठरवलेला असतो. गोंधळ होतो तो बाकीच्या विषयांत. मायनर आणि बहुविद्याशाखीय विषयांचा फॉर्म ठरावीक दिवसच उघडा असतो, जागा मर्यादित असतात आणि लोकप्रिय विषय लवकर भरतात. फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी बघा: वेळापत्रकात तास एकावर एक येत नाहीत ना, आणि वर्ग कुठल्या इमारतीत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विद्याशाखा एका आवारात नाहीत. एक तास सयाजीगंजात आणि लगेच पुढचा फतेहगंजच्या बाजूला असेल, तर रोज दहा मिनिटं उशीर ठरलेला.

या विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांनी घाबरून जाऊ नये. समजावताना पुष्कळ शिक्षक गुजरातीत बोलतात आणि आपल्याला ते महिन्याभरात कळू लागतं. पण उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असते, म्हणून पहिल्या दिवसापासून टिपणं इंग्रजीत घ्या. कला शाखेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, हेही इथल्या किती मराठी घरांना माहीत नसतं. तुमच्या विषयांशी जुळत असेल तर चौकशी जरूर करा.

विषय बदलायचा असेल तर सुरुवातीचे थोडे दिवस मुभा मिळते. ती अर्ज देऊनच वापरायची. माझी एक मैत्रीण सरांना तोंडी विचारून दुसऱ्या वर्गात बसू लागली. तिची हजेरी तिथे लागलीच नाही, कारण यादीत नाव जुन्या विषयातच होतं.

४. एबीसी आणि अपार: क्रेडिटची बँक

मिळवलेले क्रेडिट ठेवण्यासाठी २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. तिचं खातं डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अॅपमधून उघडता येतं आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. शाळेत असताना अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, निघाला असेल तर तोच इथे चालतो, नवीन काढायच्या मागे लागू नका. दोन वेगवेगळे क्रमांक झाले की क्रेडिट एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे.

क्रम असा ठेवा:

अ) डिजिलॉकरमध्ये आधारने खातं उघडा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.
आ) आत एबीसी किंवा अपार कार्ड शोधा, विद्यापीठाचं नाव निवडून क्रमांक घ्या.
इ) नाव, जन्मतारीख आणि लिंग विद्यापीठाच्या नोंदीशी जुळतं का बघा. वर नावाबद्दल एवढं लिहिलं ते याचसाठी.
ई) क्रमांक कॉलेजच्या पोर्टलवर भरा आणि भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

या बँकेतले क्रेडिट साधारणपणे सात वर्षं वापरता येतात. विद्यापीठ बदललं तर ते सोबत नेता येतात, मात्र त्यातले कुठले विषय आपल्याकडे धरायचे हे नवी संस्था ठरवते. जळगाव किंवा पुण्याला बदली करून घ्यायचा विचार असेल तर आधी तिकडे अभ्यासक्रमाची प्रत दाखवून विचारून घ्या.

५. हजेरी: टक्के नव्हे, तास मोजा

बहुतेक अभ्यासक्रमांत किमान हजेरी ७५ टक्के धरली जाते. काही ठिकाणी नियामक संस्थेचा नियम वेगळा आहे. कायद्याला बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयात ७० टक्क्यांचा, बी.फार्मला ८० टक्के, बी.एडला वर्गासाठी ८० आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के. प्रवेश घेतलात त्या दिवशी तुमच्या अभ्यासक्रमाचा आकडा लिहून घ्या आणि तो प्रत्येक विषयाला वेगळा लागतो की सगळ्यांचा मिळून, हेही विचारा. माझा घात इथेच झाला. माझी एकूण हजेरी ठीक होती, एका विषयात नव्हती.

टक्क्यांनी काही कळत नाही, तासांनी कळतं. चार क्रेडिटचा विषय ६० तासांचा. ७५ टक्के म्हणजे ४५. तुमच्या हातात १५ तास चुकवायला आहेत. दोन क्रेडिटचा विषय ३० तासांचा. त्याचे ७५ टक्के साडेबावीस, म्हणजे २३ तास बसलंच पाहिजे, चुकवायला फक्त ७. आणि हे छोटे विषय आठवड्यातून एकदाच सलग दोन तास असतात. चार आठवडे गेलात नाही की संपलं. मुलं मेजरचा एकही तास चुकवत नाहीत आणि भाषेच्या किंवा कौशल्याच्या तासाला 'तो काय, दोनच क्रेडिटचा' म्हणून घरी जातात. शेवटी यादीत नाव त्याच विषयापुढे लागतं.

प्रॅक्टिकलचं गणित आणखी कडक. एक दिवसाचं सत्र तीन-चार तासांचं असतं, म्हणून एक दिवस बुडला की एकदम तेवढे तास जातात.

टक्केवारी प्रत्यक्ष झालेल्या तासांवर काढतात, ठरवलेल्या तासांवर नाही. समजा ६० ऐवजी ४८च तास झाले, तर तुम्हाला ३६ लागतील आणि चुकवायला १२ उरतील. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येऊन कॉलेज बंद राहिलं तर ते दिवस तुमची गैरहजेरी ठरत नाहीत, पण एकूण तास कमी झाल्यामुळे पुढच्या प्रत्येक चुकलेल्या तासाचं वजन वाढतं.

आणि मागे पडलात तर भरून काढणं फार अवघड. ३० तास झाले आणि तुम्ही १८ बसलात, म्हणजे ६० टक्के. आता उरलेल्या ३० पैकी २७ तास बसावंच लागेल, तेव्हा कुठे ४५ होतील. म्हणून सेमिस्टरच्या मध्यावर नाही, चौथ्या आठवड्यातच आपला आकडा बघायचा.

पहिल्या सेमिस्टरमध्ये सगळे सण एकापाठोपाठ येतात. राखी, जन्माष्टमी, गणपती, नवरात्र, दिवाळी. सुट्टीच्या दिवशी तास नसतो, त्यामुळे त्या दिवसाने काही बिघडत नाही. बिघडतं ते आजूबाजूच्या दिवसांनी. गौरी-गणपतीला गावी गेलेली मुलं पाचऐवजी दहा दिवसांनी परततात. नवरात्राच्या नऊ रात्री गरबा खेळून सकाळी साडेसातच्या तासाला उठवत नाही. मी गरबा सोडा म्हणणार नाही, बडोद्यात राहून तो कुणी सोडू नये. पण जुलैतच कॅलेंडर घेऊन या दिवसांवर खुणा करा, प्रत्येक विषयाचे किती तास जातील ते मोजा आणि तेवढे आधी साठवा.

भरूच, आणंद, गोध्रा अशा ठिकाणांहून रोज अप-डाउन करणाऱ्यांसाठी: गाडी लेट झाली हे कारण कुणी हजेरीत धरत नाही. शक्य असेल तर एक गाडी आधीची पकडा. विद्यार्थी पाससाठीचा सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो, तो सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात घ्या.

एक साधी वही ठेवा. विषय, तारीख, तास झाला की नाही, मी होते की नाही. पोर्टलवरची हजेरी दर पंधरा दिवसांनी या वहीशी जुळवा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात शिक्षकांना दाखवा. आठ दिवसांपूर्वीची चूक सर हसून दुरुस्त करतात, तीन महिन्यांपूर्वीची कुणालाच आठवत नाही.

६. आजारी पडलात तर त्याच दिवशी काय करायचं

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मला कावीळ झाली तेव्हा मैत्रिणीने वर्गात सांगितलं, मॅडमनी 'बरी हो आधी' असा निरोपही पाठवला. मला वाटलं कॉलेजला कळलं. पण मॅडमना कळणं आणि ऑफिसच्या नोंदीत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

– पहिल्या दोन-तीन दिवसांत वर्गशिक्षकांना आणि विभागाला ईमेल करा. तीन ओळी पुरे: नाव, पीआरएन, वर्ग, आजार, कधीपासून. ईमेलवर तारीख आपोआप पडते, तीच पुढे उपयोगी येते.
– डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना आजाराचं नाव, विश्रांतीच्या तारखा, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना बघा. सोबत तपासणीचे रिपोर्ट आणि औषधाची बिलं जोडा.
– बरे होऊन आलात त्याच दिवशी बरं झाल्याचं प्रमाणपत्र आणि अर्ज दोन प्रतींत द्या. एका प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.
– बुडालेल्या अंतर्गत चाचणीची फेरचाचणी त्याच अर्जात मागा. ती आपोआप मिळत नाही.

प्रमाणपत्र दिलं म्हणजे हजेरी लागली असं होत नाही, हेही समजून घ्या. त्यामुळे थोडीशी तूट माफ करण्याचा विचार होतो, तो प्राचार्य किंवा डीन यांच्या अधिकारात असतो. म्हणून सात तासांची शिल्लक गरबा-पिक्चरला उधळू नका, आजारपण सांगून येत नाही.

एनसीसी, एनएसएस, खेळ, युवक महोत्सव यांसाठी गेलात तर तो 'ऑन ड्यूटी' धरतात, पण जाण्याआधी पत्र आणि आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. घरातलं लग्न किंवा साखरपुडा यात बसत नाही. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र आणणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर एका विषयाऐवजी पूर्ण प्रवेशावर येतं, आणि खऱ्या आजाऱ्यावरही मग कुणी विश्वास ठेवत नाही.

७. वर्गात कसं वागायचं

बरेचसे नियम शाळेसारखेच आहेत. वेळेवर या, मोबाइल सायलेंटवर ठेवून बॅगेत टाका, ओळखपत्र गळ्यात असू द्या. दारात हजेरी संपल्यावर पोचलात तर आत बसायची परवानगी मिळते, हजेरी मिळेलच असं नाही. तास संपल्यावर शांतपणे विचारा, मध्ये थांबवून नको. शिक्षकांना सर-मॅडम, ऑफिसातल्यांना भाई-बेन, शिपायांना काका म्हणतात. गुजरातीत दोन वाक्यं बोलायचा प्रयत्न केला तरी समोरच्याचा चेहरा खुलतो आणि काम सोपं होतं.

तीन गोष्टींत मात्र माफी नसते.

प्रॉक्सी. मैत्रिणीची हजेरी लावणं ही मदत वाटते. पकडलं तर दोघींची हजेरी जाते आणि लेखी माफीनामा नोंदीत राहतो. तिला खरी मदत करायची तर टिपणं द्या.

नक्कल. असाइनमेंट एकमेकांची उतरवणं, नेटवरून उचलणं, आता एआयकडून लिहून घेणं. अंतर्गत गुण यावरच मिळतात आणि शिक्षक तोंडी दोन प्रश्न विचारले की लगेच ओळखतात. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कुठून घेतलं ते लिहायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. पुढे संशोधनाच्या प्रबंधात साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे तो परत येतो.

रॅगिंग. करणारा आणि गप्प राहून बघणारा, दोघेही अडचणीत येतात. तुमच्यावर झालं, मग ते 'गंमत' म्हणून असो किंवा गावाकडची बोली, मराठी बोलणं यावरून सतत चिडवणं असो, १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. एकट्याने जायची भीती वाटली तर विश्वासातल्या मॅडमना सोबत घ्या.

८. परीक्षेचा फॉर्म आणि एटीकेटी

प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेला बसायची सोय झाली, असं समजू नका. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची मुदत वेगळी, उशीर झाला तर दंड. फॉर्मवर सातही विषय आले आहेत का, मायनर बरोबर आहे का, हे सबमिट करण्याआधी बघा. हॉल तिकिटावर चूक दिसली तर परीक्षेच्या सकाळी काही करता येत नाही.

आता दोन शब्दांतला फरक, जो मला फार उशिरा कळला. परीक्षा देऊन नापास झालात तर एटीकेटी: पुढच्या सेमिस्टरला जाता येतं, आणि तो पेपर पुन्हा देता येतो. हजेरी कमी म्हणून टर्मच ग्रँट झाली नाही, म्हणजे डिटेन झालात, तर परीक्षेलाच बसता येत नाही आणि तो विषय पुन्हा वर्गात बसून करावा लागतो. तेही तो विषय पुन्हा शिकवला जाईल तेव्हा, म्हणजे बहुधा वर्षानंतर. नापास होणं परवडलं, डिटेन होणं नाही.

निकालपत्रावर गुणांऐवजी ग्रेड दिसते. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ शून्य. प्रत्येक विषयाचा ग्रेड अंक त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करून एकूण क्रेडिटने भागायची, की एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी, मिळतो. एक उदाहरण: चार क्रेडिटच्या चार विषयांत ८, ७, ६, ९ आणि दोन क्रेडिटच्या तीन विषयांत ८, १० आणि शून्य. बेरीज १५६, भागिले २२, म्हणजे ७.०९. तोच शेवटचा विषय नुसता काठावर पास झाला असता तर १६४ भागिले २२, म्हणजे ७.४५. शिवाय जमा क्रेडिट २० ऐवजी २२.

९. स्वयमवरून क्रेडिट घ्यायचे असतील

केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे अभ्यासक्रम करून क्रेडिट मिळवता येतात. आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरच्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत या मार्गाने घ्यायची मुभा संस्थेला आहे. आधी अभ्यासक्रम करून मग प्रमाणपत्र घेऊन विभागात जाणारे खूप जण निराश होऊन परततात. क्रम उलटा हवा: आधी विभागाची मंजूर यादी बघा, लेखी परवानगी घ्या, मग नाव नोंदवा. नोंदणी मोफत असते, पण परीक्षेसाठी वेगळा फॉर्म आणि फी असते. साप्ताहिक असाइनमेंट मुदतीत भरा, कारण नुसत्या परीक्षेने प्रमाणपत्र मिळत नाही.

१०. अन्याय झाला असं वाटलं तर

आधी विषय शिक्षक, मग विभागप्रमुख, मग डीन किंवा प्राचार्य. प्रत्येक ठिकाणी अर्ज लेखी, पोच घेऊन. तिथेही उत्तर मिळालं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत ती असायलाच हवी आणि तिने कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. गुण कमी पडले एवढ्यासाठी मात्र तिथे जाऊ नका; त्याला पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म आहे आणि तो निकालानंतर थोडेच दिवस खुला असतो.

मी त्या वेळी यातलं काहीच केलं नाही. खिडकीवर रडले आणि घरी आले. अर्ज केला असता तर तूट माफ झाली असती का, हे सांगता येणार नाही, पण माझ्याकडे ईमेल आणि पोच असती तर विचारायला जागा होती.

निकाल लागल्यावर शेवटचं काम उरतं. पंधरा-वीस दिवसांनी डिजिलॉकर उघडा आणि एबीसीच्या खात्यात या सेमिस्टरचे २२ क्रेडिट दिसतात का बघा. दिसले नाहीत तर निकालपत्राची प्रत, पीआरएन आणि बारा अंकी क्रमांक घेऊन परीक्षा विभागात अर्ज द्या, आणि निघण्याआधी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.